लाल कॅमेऱ्याविरुद्ध तक्रार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने माझ्यावर अन्याय केला. वेळ पक्की आहे. त्या क्षणी मी घड्याळाकडे पाहत होते, कारण तिच्या चेहऱ्याकडे पाहणं शक्य नव्हतं.

हकिकत अशी. जिन्यातल्या गळतीचे फोटो पुरावा म्हणून लागणार, म्हणून मी एक छोटा, पर्समध्ये मावणारा, परवडणारा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. अकरा दिवस चौकशी केली. शेवटी दोन उरले, एक रुपेरी आणि एक लाल. दोन्ही साबणाच्या वडीएवढे, किंमत उन्नीस-बीस. रुपेरी साध्या पेन्सिल सेलवर चालतो, ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. लालला त्याची स्वतःची बॅटरी आणि त्या बॅटरीला तिचा स्वतःचा चार्जर. म्हणजे एक हरवलं की दुसरं बोंबलत बसणार. रुपेरीची झूम तिप्पट, लालची चौपट. पण चौपट करून पाहायचंय काय, शेजाऱ्यांच्या ताटात? मी रुपेरी घेतला. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली आहेत. मी जे नाकारते ते नाकारण्यासारखंच असतं.

धाकटी माझ्या डोक्यावर राहते, म्हणजे वरच्या मजल्यावर. आज ती त्याच दुकानात गेली. विचारलं, "ताईने कुठला घेतला?" आणि म्हणाली, "मग दुसरा द्या." हे तिने मला चहा पिता पिता, अभिमानाने सांगितलं.

"चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत गं! तू दोघांना अकरा दिवस तपासलंस, म्हणजे दोन्ही चांगलेच असणार ना?"

"मी लाल नाकारला होता."

"मग नाकारलेल्याला कोणीतरी नको का घ्यायला?"

तिने याआधीही एकदा मी नाकारलेलं घेतलं आहे. तो संसार तेहेतीस वर्षं चालला, आणि मेहुण्यांबद्दल शेवटपर्यंत तिची तक्रार नव्हती. पण तो विषय इथे अप्रस्तुत आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकटीला लेखी तक्रार पाठवली. आम्ही दोघी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. आमच्या मदर म्हणायच्या, तोंडी तक्रार म्हणजे चहाडी, लेखी तक्रार म्हणजे शिस्त. तारीख, वेळ, अन्याय, मागणी, मुदत, या क्रमाने. मी नऊ वर्षांची असताना धाकटीने माझी रिबीन घेतली, तेव्हापासून आमची भांडणं याच नमुन्यात होत आली आहेत.

आमचा टपाल विभाग म्हणजे तिच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत दोरीने येणारी वेताची टोपली. तक्रार टोपलीत ठेवली, दोरीची घंटी वाजवली, टोपली वर गेली. मागणी होती की लाल कॅमेरा परत करावा किंवा तो निकृष्ट असल्याचं मान्य करावं. मुदत दुपारी चार.

पावणेचारला टोपली खाली आली. त्यात चिठ्ठी: "निकृष्ट आहे हे तू सिद्ध कर. मी वेळ देते." सोबत माझाच एक फोटो, तिने छापून आणलेला. त्यात मी टोपलीकडे हात उंचावून उभी आहे. तोंड उघडं. वरून काढला आहे, त्यामुळे माझ्या केसांचा भांग फार रुंद दिसतो. हा कॅमेऱ्याचा दोष.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सिद्ध करते.

पद्धत ठरवली. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना जोडीने घ्यायचो, तोच झरा, तीच वेळ, दोन बाटल्या. तसंच इथे करायचं. रोज सकाळी साडेसातला दोघींनी एकच वस्तू आपापल्या कॅमेऱ्याने टिपायची. आजची वस्तू गॅलरीतला गळका नळ.

धाकटी सात पस्तीसला आली, गाऊनवर शाल, हातात चहाचा कप. "नळ? अगं, नळ काय पाहायचा? तो आपल्याला रोज पाहतो."

माझ्या फोटोत नळ स्पष्ट, थेंब स्पष्ट, भिंतीची भेग स्पष्ट. तिच्या फोटोत नळ तिरका, आणि मागे मी, हातात वही, भुवया वर.

"वस्तू नळ होती," मी म्हणाले.

"आली की त्यात. डावीकडे."

रविवार, ९ फेब्रुवारी

लालचा गंभीर दोष सापडला. त्यात एक सोय आहे. ती चालू केली की समोरचा माणूस हसला तरच फोटो निघतो, आपोआप. बटण दाबावं लागत नाही. माणसाच्या तोंडावर नजर ठेवणारं यंत्र! मी धाकटीला विचारलं, "आणि माणूस हसलाच नाही तर?"

"मग बसायचं वाट बघत."

चाचणी घेतली. मी खुर्चीवर बसले, कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर. दहा मिनिटं. कॅमेरा ढिम्म. धाकटी समोरून म्हणाली, "ताई, तोंड तरी सैल सोड. दात काढायला आल्यासारखी बसलीयस." आणखी पाच मिनिटं. शून्य फोटो. नोंद केली: सोय निकामी.

ती उठून चहा ठेवायला आत गेली. पातेली बाहेर टेबलावर आणून गाळणीच्या ऐवजी तिने माझा चष्मा उचलला आणि दोन मिनिटं त्यातून चहा गाळायच्या बेतात उभी राहिली. त्यावर थोडं बोलणं झालं. त्या वेळी टेबलावर कसलासा आवाज आला, पण मी लक्ष दिलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जिन्यात एक जोडपं भेटलं. नवऱ्याच्या हातात मोजपट्टी. वर चालले होते. धाकटी बहुतेक रंग काढतेय. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की आधी गळती, मग रंग. पण मला कोण विचारतं.

आजची वस्तू टोपली. माझे फोटो नेहमीप्रमाणे सरळ. दोरीचा पीळ मोजता येतो. टोपलीच्या कडेवर धाकटीचा हात आला आहे, तो कापून टाकायला हवा होता. राहिला. हातावर डाग वाढलेत तिच्या. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे, तिला क्रीम लावायला काय होतं?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

धाकटी आज एकदम कामसू झालीय. जिना, पत्रपेट्या, कोपऱ्यावरचा बाक, लाँड्रीचं दार, आमच्या दोघींच्या दारावरच्या पाट्या, सगळ्यांचे फोटो काढत सुटली. लाँड्रीवाल्यालासुद्धा उभं केलं. तो इस्त्री हातात धरून ताठ उभा, जणू पासपोर्टचा फोटो.

मी म्हटलं, "कशाला? हे सगळं इथेच तर आहे."

ती म्हणाली, "हो, इथेच आहे."

उत्तर म्हणून याला काहीच अर्थ नाही. कॅमेरा नवीन असला की माणसं वेडी होतात.

तिच्याकडे रिकामी खोकी पण बरीच दिसली. रंगाआधीची आवराआवर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

फोटो छापून आणायला गेले होते. दुकानातला फोटोवाला गप्पिष्ट आहे. माझे चोवीस फोटो पाहून म्हणाला, "मॅडम, तुमचं प्लंबिंगचं काम आहे का?"

"पुरावे आहेत."

"आणि तुमच्या बहिणीचे? काय माणसं काढतात हो! परवा म्हणाल्या, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती करा, एक इथे ठेवायची, एक तिकडे न्यायची."

"तिकडे म्हणजे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मशिनचं झाकण उघडून आत डोकं घातलं. "म्हणजे... मुलाकडे ना. पंधरा मार्चला. मला वाटलं तुम्हाला..."

मी म्हटलं, "अर्थात मला माहीत आहे."

घरी येताना पेन्सिल सेल घ्यायचे विसरले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साडेसातला गॅलरीत गेले नाही. घंटी दोनदा वाजली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ती स्वतःच खाली आली. दोन दिवस टोपली रिकामी वर गेली म्हणून. मी पुस्तक वाचत होते, वाचतच राहिले.

"तुला कळलं ना?"

"फोटोवाल्याकडून. आपल्याकडे बातम्या हल्ली फोटोवाले देतात."

"सांगणारच होते. तू रोज वस्तू ठरवायचीस, नळ, टोपली, कडी. त्यात कुठे बोलायचं?"

मग म्हणाली, मुलगा म्हणतो गुडघे असे, जिना असा, एकटीने किती दिवस. जागा भाड्याने देऊन टाकू. त्याच्याकडे स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, लिफ्ट आहे.

"छान," मी म्हटलं.

"तुझं काय मत?"

"तारीख ठरवून मग मत विचारतात का?"

"तारीख ठरवली म्हणून तर विचारतेय. एरवी तू मत कुठे देतेस? तू फक्त दुरुस्त्या देतेस." तिने शाल सावरली. "ताई, त्याला मी सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत तिकीट पक्कं करू नको. त्या जोडप्यालाही थांबवलंय."

"का?"

"तुला माहीत नाही?"

"मला फोटोवाल्याला विचारायला लागेल."

ती हसली नाही. इतक्या वर्षांत माझ्या टोमण्याला ती हसली नाही असं आज पहिल्यांदा झालं. दारात थांबून म्हणाली, "कॅमेऱ्याचा निकाल तरी लाव जाण्याआधी. अर्धवट काम तुला झोप लागू देत नाही."

मी पुस्तक वर धरलं. तिला जायचं असेल तर तिने जावं. लिफ्ट असलेल्या घराला नाव ठेवणारी मी कोण? फक्त एवढंच, की दार तिने लावून घेतलं आणि मी त्याच ओळीवर पाऊण तास होते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

निकालाची पद्धत. फोटोवाल्याने दोन्ही कॅमेऱ्यांमधून प्रत्येकी दहा फोटो स्वतः निवडायचे, सारख्या आकारात छापायचे, मिसळायचे, मागे फक्त एक ते वीस आकडे टाकायचे. कोणता आकडा कोणत्या कॅमेऱ्याचा ती यादी बंद पाकिटात. प्रयोगशाळेत असंच करायचो, तपासणाऱ्याला बाटली कोणत्या विहिरीची ते कळू द्यायचं नाही. धाकटी लगेच तयार झाली. गुण देणारी मीच. दुसरं कोणी पात्र नाही.

"पण ओळखू येईल ना तुम्हाला," फोटोवाला म्हणाला. "एकीकडे नळ, एकीकडे माणसं."

"मी विषयाला गुण देत नाही. स्पष्टता, उजेड, रंग. तीनच रकाने."

"बरं मॅडम," तो म्हणाला, आणि माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. मला ते आवडलं नाही.

आणखी एक नियम इथे नोंदवून ठेवते, कारण तो हल्ली कोणी पाळत नाही. प्रत्येक खेपेला एका बाटलीत नुसतं शुद्ध पाणी भरायचो. त्यात दोष निघाला तर समजायचं, पाण्यात काही नाही, तपासणाऱ्याच्या हातात आहे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी नऊ ते साडेअकरा तपासणी. टेबल पुसून घेतलं, पडदे उघडले, चष्मा दोनदा धुतला.

क्रमांक एक, गळकी भिंत. स्पष्टता नऊ, उजेड आठ, रंग सहा.

क्रमांक दोन, लाँड्रीवाला इस्त्रीसह. स्पष्टता सात. त्याच्या उजव्या खिशाला पेन आहे, हे मला बारा वर्षांत दिसलं नव्हतं.

क्रमांक पाच, टोपलीवरचा हात. स्पष्टता दहा. डाग मोजता येतात. हे माझंच काम, ओळखलं. विषयाला गुण द्यायचे नाहीत हे लक्षात ठेवून पुढे गेले. मग मागे आले. पुन्हा पुढे गेले.

क्रमांक चौदा. एक बाई, मान मागे टाकून हसतेय, एक हात टेबलावर, डोळे मिटलेले. क्षणभर वाटलं आमची आई. आई अशीच हसायची, आवाज न करता, खांदे हलवत. बाबा गेल्यावर तिला तशी पाहिलीच नव्हती. हा फोटो धाकटीकडे कुठून आला? स्पष्टता नऊ, उजेड दहा, रंग दहा. लिहून टाकलं. मग बाईच्या अंगातला चौकटीचा गाऊन पाहिला. आई गेली तेव्हा हा गाऊन शिवलेलाही नव्हता. तो या क्षणी माझ्या अंगात आहे.

कडेला टेबलावर चहाची पातेली आणि चष्मा धरलेला हात दिसतो.

एकोणीस आणि वीस तपासायच्या आधी तोंड धुवून आले.

साडेअकराला पाकीट फोडलं. बेरीज: रुपेरी दोनशे तीस, लाल दोनशे त्रेचाळीस.

बेरीज पुन्हा केली. तिसऱ्यांदाही केली.

दुपारी

फोटोवाल्याला फोन केला. विचारलं, लालमधली हसण्याची सोय कधी कधी चुकून चालते का? समोरचा माणूस हसत नसतानाही?

"नाही मॅडम. त्या बाबतीत तो एकदम पक्का आहे. उलट लोकांची तक्रार असते, हसलो तरी काढत नाही."

"माझे किती निघाले त्यातून?"

"तुमचे? थांबा... एकतीस."

"अशक्य."

"दहाच निवडायचे होते म्हणून मी एकच घेतला. सगळे छापू का?"

मी म्हटलं, कॅमेरा सदोष आहे. तो म्हणाला, हो मॅडम. मग म्हणाला, "दोन-दोन प्रती छापू ना?"

मंगळवार, २५ फेब्रुवारी

एकतीस फोटो आणले. सगळ्यांवर कोपऱ्यात तारीख आहे. नळाच्या दिवशी दोन. ढिम्म बसल्याच्या दिवशी, चष्म्यानंतर, पाच. टोपलीच्या दिवशी चार. चौदाला लाँड्रीपाशी सहा. अठरा, एकोणीस, वीस या तारखांना एकही नाही.

यातून काही निष्कर्ष निघतो का ते पाहण्यासाठी तारखांचा तक्ता केला. डावीकडे तारीख, मग फोटोंची संख्या, मग धाकटी किती वाजता आली आणि किती वाजता गेली. तक्ता फार नीट जुळतो. इतका नीट जुळणारा तक्ता मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि प्रयोगशाळेत असा आला असता तर कोणीतरी आकडे बनवलेत म्हणून परत पाठवला असता.

रुपेरी कॅमेऱ्यात काही चूक नाही. भिंत, नळ, दोरी, सगळं ठणठणीत. एका फोटोतही माणूस नाही, तो एक हात सोडून.

ती शुद्ध पाण्याची बाटली मला आज सारखी आठवते आहे.

संध्याकाळी वरून सामान सरकवल्याचा आवाज आला. मी छताकडे पाहत बसले. वर जाऊन तोंडी बोलावं असं दोनदा मनात आलं. अठरा पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीपर्यंत गेलेही. पण तोंडी बोलायला गेले की माझ्या तोंडून दुरुस्त्याच निघतात. गुडघ्यांना तेल लाव, खोकं उलटं धरलंयस, असलं काहीतरी. म्हणून खाली आले आणि जे मला येतं ते केलं. मसुदे चार झाले. पाचवा खाली उतरवून ठेवते, कारण मूळ प्रत टोपलीतून गेली आहे.

"चि. धाकटीस,

अन्यायाची तारीख आणि वेळ: सोमवार, ३ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४०. या वेळी तू मी नाकारलेला लाल कॅमेरा विकत घेतल्याचं मला सांगितलंस. तो निकृष्ट आहे असा माझा आरोप होता.

तपासणीअंती लाल कॅमेरा तेरा गुणांनी पुढे आहे. आरोप मागे घेते. तथापि निकाल अंतिम धरता येत नाही. कारणं: (१) तपासणी फक्त फेब्रुवारीच्या उजेडात झाली. पावसातला आणि थंडीतला उजेड बाकी आहे. वर्ष पुरं झाल्याशिवाय कोणतीही प्रयोगशाळा निकालावर सही करत नाही. (२) लालमधून माझे एकतीस फोटो निघाले आहेत. ही सोय तू खोलीत असतानाच चालते, नसताना चालत नाही. तुझ्याशिवाय तपासणी शक्य नाही. (३) रुपेरीत तुझा एकच हात आहे. नमुना अपुरा आहे.

सबब, लाल कॅमेरा आणि तो वापरणारी व्यक्ती या दोघांना तपासणी पुरी होईपर्यंत या इमारतीतून हलवता येणार नाही. गुडघ्यांचा मुद्दा मान्य आहे. माझी तळमजल्यावरची मागची खोली रिकामी आहे. तिला लिफ्ट लागत नाही. खिडकी आहे, गळका नळ दिसतो, तो मी दुरुस्त करून घेईन. त्या मोजपट्टीवाल्या जोडप्याला वरची जागा खुशाल दे. टोपलीची दोरी मात्र त्यांना देऊ नये.

भाच्याला वाईट वाटेल. त्याला मी वेगळं लिहीन, सभ्य भाषेत.

मुलाकडे जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. कोणी तसं म्हणत असेल, तर ते अक्षर माझंच आहे असं समजायला माझी हरकत नाही.

या पत्राचं उत्तर लेखी हवं. जिन्यात गाठून नाही, फोटोवाल्याकरवी नाही, हसून तर मुळीच नाही. शुक्रवार, २८ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांच्या आत, टोपलीतून. मी साडेचारपासून गॅलरीत उभी असेन.

तुझी ताई"